पिवळ्या फुलावर पांढरा कोळी, तरी मधमाशीला दिसला नाही

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही गावाकडे परसातला झेंडू तोडत होतो. अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव, घरामागे दोन वाफे झेंडू, कडेला जास्वंद आणि पुढे लगेच कपाशी. माझा सात वर्षांचा भाचा टोपली घेऊन मागे मागे होता, तो एका फुलापाशी थांबला तो थांबलाच. म्हणाला, "मामा, हाई मधमाशी मरेल शे का?"

मधमाशी फुलावरच होती पण विचित्र पडली होती, पंख अर्धे उघडे, पाय खाली लोंबत होते, अंगावर जखम वगैरे काही नाही. मी बोट लावायला गेलो तर ती पूर्णच्या पूर्ण पाकळीच्या पलीकडे सरकली, म्हणजे सरकली नाही, तिला कुणीतरी ओढलं. पाकळी बाजूला केली तेव्हा दिसलं, एक पांढराशुभ्र कोळी, ज्वारीच्या टपोऱ्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, पोट मागच्या बाजूला रुंद होत गेलेलं आणि दोन्ही कोपऱ्यांना टोकदार उंचवटा, पुढचे चार पाय मागच्यांपेक्षा चांगलेच लांब, आणि मधमाशीची मान त्याच्या तोंडात. मी अजून जरा जवळ गेलो तर तो तिला न सोडता आडवा चालत फुलाखाली गेला, खेकडा चालतो ना अगदी तसा.

म्हणून त्याला खेकडा कोळी म्हणतात. भाच्याला नाव आवडलं पण त्याचं समाधान झालं नाही, त्याने जो प्रश्न विचारला त्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसलोय: "माले दिसना ना, मग तिले कसा नही दिसना?" म्हणजे फूल पिवळं, कोळी पांढरा, सात वर्षांच्या पोराला दोन हातांवरून दिसतो आणि फुलांवरच जिचं पोट आहे तिला दिसू नये?

आधी हा प्राणी काय आहे ते सांगतो. खेकडा कोळ्यांचं एक अख्खं कुळ आहे, थॉमिसिडी म्हणतात त्याला, जगभरात दोन हजारांहून जास्त जाती. आपल्याकडे फुलांवर जे पांढरे-पिवळे-गुलाबी दिसतात ते बरेचसे थॉमिसस या गटातले असतात. हे जाळं विणत नाहीत. कोळी म्हटलं की आपल्याला जाळं आठवतं पण यांना धागा लागतो तो फक्त दोन-तीन कामांना, अंडी गुंडाळायला, आणि फुलावरून पडलो तर लटकून परत वर यायला. कधी फांदी हलवून बघा, कोळी खाली टपकतो आणि हवेत मध्येच थांबतो, मग त्याच धाग्यावरून वर चढतो, विहिरीत उतरणारा माणूस कमरेला दोर बांधून उतरतो तसं.

शिकार म्हणजे निव्वळ वाट बघणं. मागच्या चार पायांनी फूल घट्ट धरायचं, पुढचे चार पाय दोन्ही बाजूंना पसरून उघडे ठेवायचे, आणि बसायचं, तासन् तास, कधी एकाच फुलावर काही दिवस. पायांवर बारीक केस असतात, त्यांना हवेतली थरथरसुद्धा कळते, त्यामुळे माशी उडत जवळ आली हे त्याला आधीच समजतं. मधमाशी उतरली आणि तिने मधासाठी डोकं आत घातलं की ते पुढचे पाय मिटतात आणि चावा बहुतेक वेळा डोक्याच्या मागे, मानेच्या जागी बसतो. विष कीटकांवर जोरात चालतं म्हणून आपल्यापेक्षा कितीतरी मोठी, डंख असलेली मधमाशी हा आवरू शकतो.

आणि अंगावर जखम का नव्हती त्याचंही कारण आहे. बऱ्याच कोळ्यांच्या जबड्याला दात असतात, ते शिकार चघळून चुरगाळून टाकतात, शेवटी नुसता गोळा उरतो. खेकडा कोळ्याच्या जबड्याला तसे दात नसतात, तो दोन बारीक भोकं पाडतो, त्यातून आत पाचक रस सोडतो आणि आतलं सगळं पातळ करून ओढून घेतो. वरचं कवच जसंच्या तसं. म्हणून झाडाखाली जर तुम्हाला न फुटलेल्या, आतून पोकळ, एकदम हलक्या मधमाश्या पडलेल्या दिसल्या तर वरच्या फुलांवर नजर फिरवा, कुणीतरी बसलेलं सापडेल. आम्हाला त्या वाफ्यात अशा तीन सापडल्या, भाच्याने काडेपेटीत भरून ठेवल्यात.

अजून एक गोष्ट भिंगातून दिसली. मेलेल्या मधमाशीच्या अंगावर तिळाएवढ्यासुद्धा नसतील अशा काळ्या बारीक माश्या बसल्या होत्या, चार-पाच. या फुकट जेवायला येतात. जखमी मधमाशीच्या अंगातून जो वास सुटतो त्यावर त्या नेमक्या येऊन पोचतात आणि कोळी जेवत असताना बाजूने जो रस झिरपतो तो पितात. कोळी त्यांना हाकलतही नाही, त्याच्या पायांच्या पकडीत येणार नाहीत इतक्या त्या लहान.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, तिला का दिसला नाही.

इथे आपली एक चूक होते, आपण धरून चालतो की आपल्याला जे दिसतं तेच सगळ्यांना दिसतं. मधमाशीचा डोळा वेगळ्याच पद्धतीने बनलाय, हजारो बारीक बारीक नळ्या एकत्र बांधल्यासारखा, आणि प्रत्येक नळी समोरचा एकच ठिपका बघते. त्यामुळे तिला बारकावे फार कमी दिसतात. हे समजायला एक सोपं माप सांगतो. हात समोर ताठ करा आणि मूठ वळा, ती मूठ तुमच्या नजरेत साधारण १० अंश जागा व्यापते. मधमाशांवर जे प्रयोग झालेत त्यात असं दिसलंय की एखाद्या वस्तूचा रंग ओळखायला ती वस्तू तिच्या नजरेत साधारण १५ अंश व्यापावी लागते, म्हणजे तुमची दीड मूठ. त्यापेक्षा लहान दिसत असेल तर तिला नुसतं काहीतरी आहे एवढं कळतं, तेही साधारण ५ अंशांपर्यंतच, त्याखाली काहीच नाही. आता गणित करा, आमची कोळीण, म्हणजे झेंडूवरची ती मादी, ६ मिलीमीटरची धरली तर ती रंगासकट वेगळी कळायला मधमाशीने सव्वादोन सेंटीमीटरपर्यंत जवळ यायला पाहिजे, आणि "इथे काहीतरी आहे" एवढं कळायला जेमतेम सात सेंटीमीटर. उडत्या माशीला सात सेंटीमीटर म्हणजे किती वेळ? ती उतरलेलीच असते.

भाच्याला मी हे असं सांगितलं की तुला मोठ्या एलईडी टीव्हीवर दिसतंय आणि तिला आजोबांच्या जुन्या टीव्हीवर मुंग्या आलेल्या असताना दिसतंय. त्याने जुना टीव्ही बघितलेला नाही, त्यामुळे मोबाईलमध्ये फोटो झूम करून करून चौकोन चौकोन होईपर्यंत दाखवला, ते पटलं.

पण नुसतं धूसर दिसणं एवढंच नाहीये, रंगच वेगळे आहेत. आपल्या डोळ्यात लाल, हिरवा, निळा असे तीन प्रकारचे ग्राहक. मधमाशीचेही तीनच पण ते हिरवा, निळा आणि अतिनील, अल्ट्राव्हायोलेट. लाल तिला जवळपास दिसत नाही आणि आपल्याला जो अजिबात दिसत नाही तो अतिनील तिला रंग म्हणून दिसतो. मधमाश्यांना रंग कळतात हे प्रयोगाने दाखवलं ते कार्ल फॉन फ्रिश यांनी, रंगीत पुठ्ठ्यांवर साखरपाण्याच्या वाट्या ठेवून, पुढे मधमाश्यांच्या नाचाच्या भाषेवरच्या कामासकट त्यांना १९७३ साली नोबेल मिळालं. सूर्यफूल घ्या, आपल्याला पाकळी टोकापासून बुडापर्यंत सारखी पिवळी दिसते, मधमाशीला पाकळीचं टोक एका रंगाचं आणि बूड वेगळ्या गडद रंगाचं दिसतं, कारण टोक अतिनील परत फेकतं आणि बूड शोषून घेतं. म्हणजे तिच्यासाठी तिथे मधोमध गोल खूण काढून ठेवल्यासारखं आहे, इथे उतर.

म्हणजे पांढऱ्यावर पांढरा, पिवळ्यावर पिवळा ही जुळणी आपण आपल्या डोळ्याने ठरवतो. बऱ्याचशा पांढऱ्या फुलांच्या पाकळ्या अतिनील शोषतात, तर मधमाशीला ते पांढरं फूल पांढरं दिसतच नाही, निळसर-हिरवट अशा कुठल्यातरी रंगाचं दिसत असणार ज्याला आपल्याकडे नावच नाही.

आणि इथेच मला सगळ्यात जास्त थरारून गेलेली गोष्ट येते. ऑस्ट्रेलियात थॉमिसस स्पेक्टाबिलिस म्हणून एक जात आहे, आमच्या झेंडूवरच्या कोळिणीच्याच गटातली. हा पांढरा कोळी पांढऱ्या डेझीच्या फुलावर बसतो आणि आपल्याला शोधून सापडत नाही. पण त्याचं अंग अतिनील भरपूर परत फेकतं आणि फूल तितकं फेकत नाही, म्हणजे मधमाशीच्या नजरेत तो लपलेला नाहीच, दिव्यासारखा उठून दिसतो. मग त्याला उपाशी मरायला पाहिजे. तिथल्या संशोधकांनी मधमाश्यांना दोन फुलं दिली, एक मोकळं आणि एक कोळी बसलेलं, तर मधमाश्या कोळी बसलेल्या फुलाकडे जास्त गेल्या. २००३ मध्ये नेचर या नियतकालिकात हे छापून आलं. फुलांवर मधाचा रस्ता दाखवणाऱ्या ज्या खुणा असतात त्याही अशाच आजूबाजूपेक्षा वेगळ्या उठून दिसतात, आणि मधमाशीला जन्मापासून अशा उठावदार खुणेची ओढ असते. कोळी तीच ओढ वापरतो. म्हणजे आपण ज्याला लपणं समजत होतो ते बोलावणं निघालं.

याच्या पुढचा भाग अजून भारी आहे. ऑस्ट्रेलियातल्या त्या मधमाश्या मुळात युरोपातून माणसाने तिथे नेलेल्या, या कोळ्याशी त्यांची पिढ्यान् पिढ्यांची ओळख नाही. तिथल्या मूळच्या देशी मधमाश्यांवर प्रयोग केले तर त्यासुद्धा कोळी असलेल्या फुलाकडे ओढल्या जात होत्या, पण जवळ आल्यावर बऱ्याचदा उतरायचं टाळून निघून जात होत्या. लाखो वर्षं एकत्र राहिल्यावर एकाने फसवायला शिकायचं आणि दुसऱ्याने शेवटच्या क्षणी सावध व्हायला शिकायचं, असं चालूच राहतं.

रंग बदलण्याचं काय मग? लोकांनी ऐकलेलं असतं की हा कोळी सरड्यासारखा रंग बदलतो. बदलतो, पण सरड्यासारखा नाही. याचा सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो मिसुमेना व्हाटिया या युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या जातीवर, ती पांढऱ्याची पिवळी आणि पिवळ्याची परत पांढरी होऊ शकते. तिची कातडी काचेसारखी आरपार असते. असं समजा की चुन्याने रंगवलेल्या भिंतीपुढे एक काचेची बरणी ठेवलीय. बरणीत साधं पाणी असेल तर मागची पांढरी भिंत दिसते. त्याच बरणीत हळदीचं पाणी भरलं तर सगळं पिवळं दिसतं. कोळिणीच्या अंगात ती पांढरी भिंत म्हणजे ग्वानिनचे बारीक स्फटिक, ग्वानिन हा तिच्या शरीराचा टाकाऊ पदार्थ, आपल्या लघवीत युरिया जातो ना त्या जातीचा, फक्त ती तो बाहेर न टाकता पोटात साठवते आणि त्याचाच रंग करून वापरते. आणि हळद म्हणजे ओमोक्रोम नावाची पिवळी रंगद्रव्यं, ती कातडीखालच्या पेशींमध्ये तयार होतात. पांढऱ्याची पिवळी व्हायला साधारण १० ते २५ दिवस लागतात कारण रंग नव्याने बनवायचा असतो, आणि पिवळ्याची पांढरी व्हायला सहाएक दिवस, कारण तेव्हा तो फक्त मोडून काढायचा असतो. हे ठरतं डोळ्यावरून, आजूबाजूच्या रंगाचा उजेड डोळ्यात जायला लागतो, डोळे झाकून टाकले तर रंग बदलत नाही. नर मात्र हे करत नाहीत, तेवढं मादीचं काम.

आता कपाशीचा विचार करा. आमच्याकडच्या कपाशीचं फूल सकाळी उमलतं तेव्हा मलईसारखं फिकट, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि मग गळून जातं. ज्या कोळिणीला रंग बदलायला आठवडे लागतात ती एका दिवसात रंग पालटणाऱ्या फुलाच्या मागे कशी पळणार? ती रंग बदलत बसत नाही, फूल बदलते. मी कपाशीत बघितलं तेव्हा पांढऱ्या कोळिणी ताज्या फिकट फुलांवर होत्या, गुलाबी झालेल्या फुलांवर एकही नव्हती, आणि त्याचं सगळ्यात साधं कारण असंही आहे की शिळ्या फुलावर माश्याच येत नाहीत. तिला रंगापेक्षा गिऱ्हाईक कुठे येतं ते महत्त्वाचं.

खरं सांगायचं तर रंग जुळला म्हणून शिकार जास्त मिळते का, यावर जेव्हा शेतात बसून मोजणी केली गेली तेव्हा मिसुमेनाच्या बाबतीत तसा फरक दिसला नाही, न जुळलेल्या फुलावरही तिला शिकार मिळत होती. आमच्या झेंडूवरची पांढरी कोळीण हेच तर करत होती. मग एवढी मेहनत कशाला, त्यावर एक विचार असा की हे लपणं शिकारीपासून नाही, शिकाऱ्यापासून असेल. पक्षी आहेत, आणि कुंभारीण माशी आहे. भिंतीच्या कोपऱ्यात, फोटोफ्रेमच्या मागे, मातीची जी बोळकी घालते ती. तिच्या मातीच्या घरात काय असतं माहितीये का? विष टोचून लुळे केलेले, पण जिवंत, कोळी, तिच्या अळीसाठी ताजं जेवण म्हणून. भाच्याला दाखवायला मी ओसरीतल्या घरट्याची एक खोली उकलली, आत दाटीवाटीने कोळी भरलेले होते आणि त्यात दोन खेकडा कोळी, एक पांढरा एक फिकट पिवळा. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला परत बंद कर. ते आता बंद होत नाही हे त्याला सांगताना मलाही वाईट वाटलं, परत मी ते करणार नाही.

कोळी अंगावरून गेला की फोड येतात असं आपल्याकडे सर्रास म्हणतात आणि मग दिसेल तो कोळी चपलेने मारतात. पावसाळ्याच्या शेवटी रात्री दिव्यावर जे किडे येतात त्यात मुंगीसारखा लांबट, केशरी-काळा एक भुंगेरा असतो, तो अंगावर चिरडला गेला की त्याच्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते, लांब पट्टा उठतो. पुष्कळदा फोड त्याचे असतात आणि नाव कोळ्याचं होतं. खेकडा कोळ्यापासून माणसाला धोका नाही, जबडे एवढेसे, आणि तो चावण्यापेक्षा पळून पाकळीमागे लपणं पसंत करतो.

शेतकऱ्यांना एक प्रश्न पडतो, माझ्या शेजारच्या काकांनी लगेच विचारला, की हा मधमाश्या खातो तर तो मित्र कसा. बरोबर आहे, मधमाशी खातो. पण तो फक्त मधमाशीच खात नाही, फुलावर जे येईल ते, माश्या, पतंग, फूल कुरतडायला आलेले किडे सगळंच. युरोपात एका मोहरीच्या कुळातल्या रानझाडावर अभ्यास झाला, त्यात दिसलं की फुलं खाणारे किडे आले की झाडाचा एक विशिष्ट वास वाढतो, त्या वासाकडे मधमाश्या जातात आणि खेकडा कोळीही जातात, आणि कोळी आल्याने फुलं खाणारे कमी होऊन झाडाचा फायदा होतो. आता हे रानझाड आहे, कपाशी नाही, तेवढा फरक लक्षात ठेवला पाहिजे. पण कपाशीत मावा-तुडतुड्यांसाठी जी फवारणी होते त्यात कोळी आधी मरतात, किडी मात्र लवकर परत वाढतात आणि कोळी वाढायला वेळ लागतो, हे कोणीही आपल्या शेतात दोन फवारण्यांच्या मध्ये फिरून बघू शकतं. काकांनी बांधाकडच्या दोन ओळी यावेळी सोडल्यात, बघू म्हणाले.

नराबद्दल राहिलंच. आम्हाला दिसला तो एवढासा, तांबूस, मादीच्या पोटावर बसलेला होता, मला आधी वाटलं तो तिचं पिल्लू आहे. या गटात नर इतका लहान असतो की मादी त्याला पाठीवर घेऊन फिरते आणि तिचं लक्षही नसतं. छोटे कोळी आणि काही जातींचे नर फुलातला मधसुद्धा पितात, हे कळल्यावर भाच्याचा कोळ्यांबद्दलचा राग बराच कमी झाला.

दसऱ्याला सगळा झेंडू तोडला, ते एक झाड सोडून. आईने स्वतः सांगितलं, "तिले ऱ्हाऊ दे तठेच." चार-पाच दिवसांनी ती कोळीण झेंडूवर नव्हती, शोधली तर शेजारच्या जास्वंदीवर सापडली, एका पानाची कड दुमडून धाग्याने शिवून टाकलेली, आत अंड्यांची पांढरी चपटी गादी, आणि ती त्या दुमडीवर पाय पसरून. पोट एकदम बारीक झालंय. या दिवसांत ती फारसं खात नाही, अंड्यांवर बसून राहते, पिल्लं निघेपर्यंत टिकते आणि मग बहुतेक तिथेच मरते. भाचा धुळ्याला परत गेलाय, रोज संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल येतो आणि मी फोन घेऊन जास्वंदीपाशी जातो, बॅटरी लावून पान दाखवतो. काल दुमडीवर मुंग्या चढत होत्या, तिने पुढचे दोन पाय उचलले आणि त्या परत फिरल्या, हे त्याने लाइव्ह बघितलं.